गवत समजून लव्हाळ्यावर फवारणी करताय? आधी काडी बोटात फिरवून बघा

तणनाशक मारलं, बाकीचं गवत पिवळं पडलं, पण एक तण मात्र तसंच हिरवंगार उभं. पावसाळ्यात ही तक्रार अनेक शेतकऱ्यांची असते. अशा वेळी औषधाला दोष देण्याआधी ते तण उपटून बघा. बऱ्याचदा ते गवत नसतंच, तो असतो लव्हाळा. काही भागांत याला मोथा म्हणतात. शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस.

ओळखायचं कसं?

काडी : तुऱ्याची काडी दोन बोटांत धरून फिरवा. लव्हाळ्याची काडी तीन धारी असते, कडा बोटाला लागतात. आडवी कापली तर त्रिकोण दिसतो आणि आतून भरीव असते. गवताची काडी बहुधा गोल किंवा चपटी असते.

पेरं : हरळी, शिप्पी यांसारख्या गवताच्या काडीला पेरं असतात. लव्हाळ्याची काडी बुडापासून तुऱ्यापर्यंत सरळ, पेराशिवाय.

पानं : तुरा आला नसेल तर रोप वरून बघा. लव्हाळ्याची पानं तीन दिशांना फुटतात, गवताची दोनच बाजूंना.

गाठी : खुरप्याने खोल उकरा. काळपट तपकिरी गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या सापडतील. गाठ फोडली की उग्र सुगंध येतो. तुरा लालसर तपकिरी असतो.

भातात येणाऱ्या एका लव्हाळ्याची काडीही तीन धारी असते, पण त्याला गाठी नसतात, नुसती तंतुमुळं असतात. तो बियांपासून येतो, त्यामुळे बी धरण्याआधी उपटला तरी बराच आटोक्यात राहतो.

फरक पडतो कुठे?

सोयाबीनसारख्या पिकात फक्त गवतासाठी वापरलं जाणारं क्विझालोफॉप इथाइल लव्हाळ्यावर चालत नाही. म्हणजे औषध, मजुरी, वेळ सगळं वाया. ऊस आणि मक्यात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे वेगळं तणनाशक मिळतं. पण ते आपल्या पिकाला चालतं का आणि प्रमाण किती, हे लेबल वाचूनच ठरवा. एका पिकाचं औषध दुसऱ्या पिकावर मारू नका.

नुसतं वरून खुरपल्यानेही हा जात नाही. वरचा शेंडा तुटतो, गाठ जमिनीत राहते आणि काही दिवसांत पुन्हा कोंब येतो. ओल असताना कुळव फिरवला तर गाठींची माळ तुटते आणि सुट्या झालेल्या गाठी फुटू लागतात. एकाचे चार होतात ते असे. म्हणून नांगरट उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना करा. वर आलेल्या गाठी कडक उन्हात वाळू द्या, जमतील तेवढ्या वेचून शेताबाहेर काढा. बांधावर टाकू नका. दुसऱ्याच्या रानातून आलेल्या ट्रॅक्टरच्या अवजाराला चिकटलेली माती आधी झाडून घ्या, गाठी तिच्यातूनही येतात.

पुढच्या वेळी दुकानात जाताना नुसता मोबाइलवरचा फोटो नेऊ नका. तुरा, पानं आणि गाठींसकट अख्खं रोप पिशवीत घालून न्या. आधी तण दाखवा, मग औषध मागा.