न्यूरोसिस आणि न्यूरॉटिसिझम

न्यूरोसिस : ताप किंवा स्थानिक इजा नसताना संवेदना व हालचाल बिघडवणाऱ्या विकारांसाठी स्कॉटिश वैद्य विल्यम कलेन यांनी १७६९ मध्ये ही संज्ञा योजली; पुढे सिग्मंड फ्रॉइड यांनी तिचा संबंध दडपलेल्या मानसिक संघर्षाशी जोडला आणि चिंता, अवास्तव भीती, कृतींची सक्ती अशी लक्षणे तिच्याखाली एकत्र आली. रुग्णाचे वास्तवाचे भान टिकून असते, त्यामुळे भ्रम व भास असलेल्या सायकोसिसपासून ती वेगळी मानली गेली. कडी लावली आहे हे ठाऊक असूनही ती पुन्हापुन्हा तपासत राहणारा माणूस हे तिचे ठळक उदाहरण होय. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरण-पुस्तिकेत हा स्वतंत्र वर्ग राहिला नाही व त्यातील विकार निरनिराळ्या गटांत विभागले गेले.

न्यूरॉटिसिझम : हा प्रत्येक व्यक्तीत कमीअधिक असणारा स्वभावगुण असून चटकन अस्वस्थ होणे आणि उशिरा सावरणे ही त्याची खूण होय. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९४७ मध्ये तो व्यक्तिमत्त्वाचे एक मूलभूत परिमाण म्हणून मांडला. त्यांच्या १९६४ च्या चाचणीत ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे ५७ प्रश्न होते आणि त्यांपैकी २४ या गुणाचे मापन करत. आजच्या पंचघटक प्रतिमानातही त्याला स्थान आहे. गुणांक अधिक आल्याने आजार सिद्ध होत नाही, मात्र चिंताविकार व नैराश्य यांची शक्यता वाढते.

‘न्यूरॉटिक’ हे विशेषण दोन्ही अर्थांनी वापरले जाते.