बाणाच्या पोकळीचे गणित

काळ्या दारूच्या बाणाची, म्हणजे रॉकेटची, सगळी मापे एकाच मापावरून निघतात, ते म्हणजे नळीचा आतला व्यास. तो एक धरला की नळीची लांबी, तोंडाचे भोक, दारूच्या पोटातली पोकळी आणि पोकळीच्या वरचा भरीव थर हे सारे त्याच्या पटीत सांगता येते. काझिमिएझ सिएमिएनोविच या तोफखानातज्ज्ञाचा लॅटिन ग्रंथ १६५० साली ॲम्स्टरडॅमला छापला गेला, त्यातही बाणांची मापे अशीच दिलेली आहेत. हौशी कारागीर आजही हीच रीत पाळतात.

दिवाळीत कन्नडच्या बाजारात मिळणाऱ्या काठीच्या रॉकेटमध्ये हीच रचना हाताशी पाहता येते. कागदाची घट्ट गुंडाळलेली नळी, खालच्या टोकाला अरुंद तोंड आणि त्यातून आत गेलेली वात. या तोंडाच्या वर बहुधा दारूत शंकूसारखी पोकळी असते. बाणाचा सगळा जोर या पोकळीत आहे. दारू फक्त उघड्या पृष्ठभागावर जळते. भरीव नळीत जळायला केवळ तळाची चकती मिळते. व्यासाच्या सरासरी एक तृतीयांश रुंद आणि सहापट लांब पोकळी ठेवली, तर तिच्या भिंतीचे क्षेत्रफळ त्या चकतीच्या आठपट भरते. वायूही तितक्याच पटीने जास्त निघतो आणि बाण काठीसकट उचलला जातो.

नळीतला दाब ठरतो तो जळता पृष्ठभाग आणि तोंडाचे भोक यांच्या गुणोत्तरावर. भोक फार मोठे ठेवले तर बाण नुसता फुसफुसतो, फार लहान ठेवले तर नळी फुटते. दारूला तडा गेला की जळायला अचानक नवा पृष्ठभाग मिळतो, म्हणून वरून निर्दोष दिसणारा बाणही जागच्या जागी फुटतो. बाण दुप्पट मोठा केला तर पृष्ठभाग आणि भोक दोन्ही चौपट होतात, गुणोत्तर तेच राहते. पटीतली मापे लहानमोठ्या बाणांना सारखीच लागू पडतात ती यामुळे. मात्र वजन आठपट होते आणि रेटा चौपटच वाढतो. मोठा बाण जड चालीने उठतो, म्हणून पटींवर डोळे झाकून विसंबता येत नाही.

ही मापे हत्यारांतच पक्की केलेली असतात. पोकळीसाठी पितळ किंवा ॲल्युमिनियमसारख्या, ठिणगी न पाडणाऱ्या धातूची निमुळती सळई तळाच्या ठोकळ्यावर उभी असते. तिच्यावर नळी बसवून मधे भोक असलेल्या ठासणीने दारू थराथराने दाबतात. सळई निमुळती असल्याने ती दारूला तडा न देता निघते. शिवाय वरून येणारा सगळा वायू खालूनच बाहेर पडायचा असल्याने पोकळी तळाशी रुंद असलेलीच बरी. सळईच्या टोकावर सोडलेला भरीव थर बाण वर चढत असताना सावकाश जळतो.

काठीचे काम समतोलाचे. तिच्यामुळे गुरुत्वमध्य तोंडाच्या मागे जातो. विल्यम काँग्रेव्ह या इंग्रज संशोधकाच्या ३२ पौंडी बाणाची लोखंडी नळी साडेतीन फुटांची होती आणि काठी पंधरा फुटांची. त्याने बाणांचे काम हाती घेतले ते म्हैसूरच्या बाणांनी इंग्रजांना बसलेल्या तडाख्यानंतर. हैदर-टिपूंच्या बाणांना लोखंडी नळी होती. ती कागदापेक्षा जास्त दाब सोसते, म्हणून पल्लाही लांबला.

मराठ्यांच्या फौजांमध्येही बाण होते. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत निजामाचे घोडदळ चालून आले. तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या सैन्याने त्यावर बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी उंचवट्यावरून शिंद्यांच्या फौजेतल्या पेरॉनच्या ३५ तोफा सुरू झाल्या, अशी नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे. घोडदळ काही मिनिटांत उधळले. आग ओकत सरपटणाऱ्या बाणापुढे घोडे बिथरतात, त्यामुळे तिथे अचूक नेमाची फारशी गरजही नव्हती.

हौशी मॉडेल रॉकेटांची तयार इंजिने यापेक्षा वेगळी असतात. नेहमीच्या इंजिनाचे कवच १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर लांबीचे. त्यात खोल पोकळी नसते, दारू एका टोकाकडून जळत जाते आणि तोंडही बारीक असते. त्यांवरच्या अक्षरांपैकी प्रत्येक पुढचे अक्षर एकूण आवेगाची, म्हणजे रेटा आणि वेळ यांच्या गुणाकाराची, दुप्पट मर्यादा दाखवते. ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत. भारतात १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू असल्याने परवान्याशिवाय घरी दारू भरणे हा गुन्हा आहे. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.