अडकलेल्या शिक्षकाचे पत्र

१४ एप्रिल २०१०. आम्ही सारे जयंतीच्या मिरवणुकीत होतो. त्याच दिवशी तिकडे आइसलँडमध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. राख युरोपच्या आकाशात पसरली. ही राख विमानाचे इंजिन बंद पाडू शकते, म्हणून जवळपास आठवडाभर विमाने जमिनीवरच राहिली. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकून पडले.

त्यांत ब्रिटनमधील शिक्षकही होते. ईस्टरची सुट्टी संपून १९ एप्रिलला अनेक शाळा उघडल्या आणि शिक्षक मात्र परदेशात! अशा शिक्षकाने विद्यार्थ्यांना पत्र लिहायचे तर काय लिहावे? 'राख निवळली की येतो, धडा वाचून ठेवा', एवढेच? आम्हाला वाटते, त्या पत्राचा विषय नागरिकशास्त्र असावा.

कारण ते पत्र पाठवणे हासुद्धा त्याचा कायदेशीर हक्क होता. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार उड्डाण रद्द झाले तर विमान कंपनीने प्रवाशाला जेवण, मुक्काम पडल्यास हॉटेल, तिथवरचे वाहन आणि दोन फोन किंवा ई-मेल फुकट द्यायचे असतात. कारण नैसर्गिक असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही. पण पोटाची आणि निवाऱ्याची जबाबदारी कंपनीला टाळता येत नाही.

अर्थात, कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. पोर्तुगालमध्ये अडकलेल्या, डब्लिनला निघालेल्या एका महिलेला कंपनीने काहीच दिले नाही. तिने सुमारे ११३० युरोंसाठी दावा लावला. आपत्तीच एवढी मोठी, मग बोजा आमच्यावर का, असा कंपनीचा युक्तिवाद. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी तो फेटाळला. खर्च आवश्यक आणि वाजवी असावा, पण या जबाबदारीला दिवसांची वा रकमेची ठराविक मर्यादा नाही, असा निर्वाळा दिला.

आज आपली मुले शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला जातात. अडचणीत घरून पैसे मागवावेत अशी बहुतेकांची परिस्थिती नसते. त्यांनी लक्षात ठेवावे: युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला हा नियम लागू आहे, पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटननेही तो आपल्या कायद्यात ठेवला आहे. तेव्हा अडकलात तर काउंटरसमोर हात जोडू नका. लेखी मागा, पावत्या जपून ठेवा.

शिक्षकाच्या पत्रात म्हणूनच एक ओळ हवी: मुलांनो, मी इथे कोणाच्या उपकारावर नाही, हक्काचे जेवतो आहे.