फवारणी यंत्राची प्लास्टिकची इंधनटाकी : दुरुस्ती केव्हां व त्याग केव्हां

खानदेशांत कपाशी व केळी हीं दोनहि पिकें आतां फवारणीवांचून निभत नाहींत. शिरपूर, शिंदखेडें या बाजूला कपाशीवरील किडींसाठीं, आणि रावेर, यावल, चोपडें या तालुक्यांत केळीवरील करप्यासाठीं पाठीवर वाहण्याचीं पेट्रोलचीं फवारणी यंत्रें अनेक शेतकरी वापरतात. अशा यंत्राला दोन टाक्या असतात. मोठी औषधाची व लहान इंधनाची. दोनहि बहुधा प्लास्टिकच्याच. मोटारसायकलची टाकी आपल्याकडे बहुतेक पत्र्याची असते. तिला गंज चढला म्हणजे तो डोळ्यांना दिसतो. प्लास्टिकला गंज नाहीं, म्हणून तें झिजतच नाहीं असा समज होतो. हा समज घातक आहे. ही टाकी तापलेल्या इंजिनाच्या लगत आणि माणसाच्या पाठीशीं असते. ती भेगाळली तर केवळ पेट्रोलची नासाडी होत नाहीं, जिवाशीं गांठ पडते. म्हणून जुन्या टाकीचें काय सुधारतें व काय सुधारत नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यानें जाणून घेणें अवश्य आहे.

जीर्णता कशी येते.— या टाक्या बहुधा पॉलिथीनच्या असतात. हा पदार्थ १९३३ सालीं इंग्लंडांत प्रथम सांपडला. टाक्यांना लागणारी त्याची कठीण जात कार्ल झीग्लर या जर्मन शास्त्रज्ञानें १९५३ सालीं कमी दाबाची कृति काढल्यानंतर सुलभ झाली. पॉलिथीनचा रेणु म्हणजे एक लांबच लांब सांखळी होय. उन्हांतील अतिनील किरण व हवेंतील प्राणवायु मिळून या सांखळ्या तोडतात. लांब धाग्याच्या कापसाचें सूत बळकट व आंखूड धाग्याचें कच्चें, हें आपणांस ठाऊकच आहे. येथेंहि तोच न्याय लागतो. सांखळ्या आंखूड झाल्या कीं प्लास्टिक ठिसूळ होतें. ठिबक सिंचनाच्या नळ्या काळ्या कां करतात, याचें कारण हेंच. त्यांत घातलेली बारीक काजळी ऊन स्वतः झेलते, व नळी वाचते. पांढऱ्या, अर्धपारदर्शक इंधनटाकीला हें कवच नसतें. आणि आपल्या वैशाखाचें ऊन तर सर्वांस परिचित आहे.

दुसरें कारण खुद्द पेट्रोल. तें पॉलिथीनच्या अंगांत अल्प प्रमाणांत मुरतें व त्यांतून हळूहळू बाहेरहि झिरपतें. म्हणूनच अशा टाकीवर रंग धरत नाहीं. आंतून येणाऱ्या वाफेनें त्याला फोड येतात. तिसरी गोष्ट मद्यार्काची. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२२ सालीं शेकडा १० व २०२५ सालीं शेकडा २० पर्यंत गेलें. अमेरिकेंत नायलॉनच्या टाक्या असलेल्या कांहीं मोटारसायकलींच्या टाक्या अशा इंधनानें फुगून बेढब झाल्या. पॉलिथीनला त्याची बाधा फारशी होत नाहीं. परंतु जुन्या धर्तीच्या रबरी नळ्या व वायसर मात्र फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल फार झाल्यास पाणी व इथेनॉल वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें.

परीक्षा.— प्रथम टाकी उघड्या जागीं, विडी-काडी व चुलीपासून दूर, पूर्ण रिकामी करावी. नंतर बोट घासून पाहावें. खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर वरचा थर उन्हानें खाल्ला आहे असें समजावें. अंगठ्यानें बाजू हलकेच दाबावी. पांढरी रेघ उमटली किंवा करकर आवाज आला तर टाकी ठिसूळ झाली. झाकणाचा गळा, बोल्टांच्या जागा व तळाचे कोपरे हे विशेष निरखावे. भेगा बहुधा तेथूनच निघतात.

सफाई.— भेग नाहीं, केवळ मळ आहे, अशी टाकी पुष्कळ सुधारते. जुन्या पेट्रोलची चिकट राळ तळाशीं बसते व तिनें कार्ब्युरेटर तुंबतो. नळी व आंतली जाळी काढून थोडें ताजें पेट्रोल घालावें, हलवून ओतून टाकावें. असें दोन-तीन वेळां करावें. हें पेट्रोल विहीर-नाल्यांत जाऊं देऊं नये. नंतर साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावी. याच वेळीं टाकी पाण्यानें भरून व बाहेरून पुसून कोरड्या कागदावर ठेवावी, म्हणजे बारीक गळतीहि कळते. शेवटीं झाकण उघडें ठेवून सावलींत एक-दोन दिवस वाळवावी. नळी, जाळी व वायसर नवे घालावे. त्यांची किंमत अल्प असते. पिवळेपणा मात्र सगळा जात नाहीं, व तो घालविण्याची गरजहि नाहीं.

भेग पडल्यास.— पॉलिथीनचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळें त्यावर कोणतीहि लुगदी टिकाऊ चिकटत नाहीं. चार दिवसांनीं पोपडा निघतो. तापवून जोडणें हा उपाय पाण्याच्या टाकीला चालतो, परंतु इंधनाच्या टाकीला कधींहि करूं नये. टाकी कितीहि धुतली तरी प्लास्टिकच्या अंगांत मुरलेलें पेट्रोल उष्णतेनें वाफ होऊन बाहेर येतें, आणि भडका उडण्यास तेवढें पुरे होतें. ठिसूळ झालेल्या टाकींत जोड दिला तरी शेजारीं दुसरी भेग पडते. अशी टाकी बदलावी हाच एक मार्ग. टाकलेल्या टाकींत पिण्याचें पाणी किंवा गोडें तेल कदापि भरूं नये. ती भोंक पाडून निरुपयोगी करावी.

जपणूक.— हंगाम संपतांच टाकी रिकामी करावी व आंतील उरलेलें इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावें. यंत्र पत्र्याच्या तापत्या छपराखालीं किंवा बांधावर उन्हांत न टाकतां थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावें. तेल-पेट्रोलचें मिश्रण पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत व लागेल तेवढेंच करावें. चालतें इंजिन बंद करून तें निवल्यावांचून पेट्रोल भरूं नये.

तात्पर्य, मळ धुतां येतो, जीर्णता धुतां येत नाहीं. पहिल्यासाठीं कष्ट घ्यावे. दुसऱ्यासाठीं खर्चाकडे पाहूं नये. मृगापूर्वीं बियाणें निवडतांना जशी दृष्टि आपण ठेवतों, तशीच या लहानशा टाकीवर एकवार टाकावी, अशी शेतकरी बंधूंस विनंति आहे.