तळ्याकाठचा मुक्काम आणि हिरवी साय

अमेरिकेच्या वायव्य भागात ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. त्यातून उत्तर-दक्षिण अशी कॅस्केड पर्वताची रांग जाते. सारे डोंगर ज्वालामुखीचे, त्यांवर फर, हेमलॉक, पाइन अशा सूचिपर्णी वृक्षांचे दाट जंगल आणि जंगलात ठिकठिकाणी तळी. उन्हाळ्यात तेथील माणसे तंबू घेऊन या तळ्यांकाठी मुक्कामाला जातात. वनखात्याने त्यासाठी जागा आखून ठेवलेल्या असतात. तंबू ठोकण्यापुरती सपाट जमीन, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे, एवढीच सोय. या जागांना कॅम्पग्राउंड म्हणतात. कितीतरी कुटुंबांबरोबर त्यांचा कुत्राही आलेला असतो. त्याला मज्जाव नाही, फक्त त्याच्या गळ्यात दोरी हवी आणि ती सहा फुटांपेक्षा लांब नको, असा नियम आहे.

संशोधनाच्या निमित्ताने त्या भागात राहत असताना मीही एकदा अशा मुक्कामाला गेले होते. प्रयोगशाळेतील एक सहकारी बाई आणि त्यांचा लॅब्रॅडॉर कुत्रा बरोबर होते. चार तासांचा प्रवास झाल्यावर तहानलेला कुत्रा उडी मारून थेट पाण्याकडे धावला. बाईंनी दोरी इतक्या जोरात ओढली, की तो मागच्या पायांवर उभा राहिला. मला त्यांचे वागणे जरा निष्ठुर वाटले. समोर एवढे मोठे तळे, मुले दूरवर होडीत बसलेली, आणि या कुत्र्याला घोटभर पाणी पिऊ देत नाहीत! त्यांनी काही न बोलता काठाकडे बोट दाखवले. खडकांच्या बेचक्यात पाण्यावर हिरवट निळा थर साचला होता, जणू कोणी भिंतीला लावायचा रंग सांडला होता. शेजारीच वनखात्याची पाटी होती : पाण्यात शैवालाचा बहर आहे, लहान मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा.

लहान मुले आणि कुत्री एकाच ओळीत का, हा प्रश्न माझ्या मनात त्या पाटीने टाकला. या लेखाचे निमित्त तेच.

पाण्यावरचा तो थर ज्यांचा असतो त्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो. नावात शैवाल असले तरी ते खरे शैवाल नव्हे. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून ते जीवाणूंच्या गटात मोडतात. सायनोबॅक्टेरिया हे त्यांचे आजचे नाव. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांची ओळख असते ती मित्र म्हणून. भातखाचरात हवेतील नत्र स्थिर करणारे, अ‍ॅझोलाच्या पानात राहून शेतकऱ्याचे खत वाचवणारे अ‍ॅनाबीना पाठ्यपुस्तकात भेटते. पृथ्वीच्या हवेतील प्राणवायूची सुरुवातही याच गटाने केली. पण या गटातील काही जीव विषे तयार करतात, हे पुस्तकात क्वचितच येते, आणि आले तरी एका ओळीत उरकते.

ही गोष्ट नवी नाही. 1878 मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे रसायनतज्ज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी ‘नेचर’मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले. अ‍ॅलेक्झांड्रिना नावाच्या तळ्यावर हिरव्या तैलरंगासारखा दाट थर आला होता आणि ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री, डुकरे मरत होती. फ्रान्सिस यांनी तो थर एका मेंढीला पाजून पाहिला. तीही मेली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, पण त्या काळी शंका फेडण्याचा तोच मार्ग होता.

या विषांचे ढोबळमानाने दोन प्रकार मुक्कामाला जाणाऱ्यांना माहीत असावेत. पहिला यकृतावर घाला घालणारा. मायक्रोसिस्टिन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ते सात अमिनो आम्लांची कडी असते. यकृतातील काही महत्त्वाची विकरे ते बंद पाडते, पेशींचा सांगाडा ढासळतो आणि यकृतात रक्तस्राव होतो. याला काही तास किंवा दिवस लागतात.

दुसरा प्रकार चेतासंस्थेवर काम करतो आणि तो फार वेगवान आहे. कॅनडातील संशोधकांनी 1960 च्या दशकात अ‍ॅनाबीनातून तो वेगळा करण्याचा प्रयत्न केला तेव्हा प्रयोगातील उंदीर मिनिटांत मरत. म्हणून त्यांनी त्याला ‘अतिशीघ्र मृत्युकारक घटक’ असेच नाव दिले. पुढे त्याला अ‍ॅनाटॉक्सिन-ए म्हणू लागले. आपला स्नायू आकुंचन पावतो तो चेतातंतूच्या टोकाकडून आलेल्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामुळे. हे रसायन म्हणजे किल्ली आणि स्नायूवरचा ग्राही म्हणजे कुलूप, असे समजा. काम झाले की एक विकर त्या किल्लीचे तुकडे करते आणि स्नायू सैल होतो. अ‍ॅनाटॉक्सिन ही बनावट किल्ली आहे. ती कुलपात बसते, पण विकराला तिचे तुकडे करता येत नाहीत. स्नायूला संदेश मिळतच राहतो आणि शेवटी तो प्रतिसाद देणेच थांबवतो. कुत्रा आधी झोकांड्या खातो, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात. श्वास घेण्याचे स्नायू थांबले की खेळ संपला. यावर उतारा नाही.

मग त्याच तळ्यात पोहणारा माणूस घरी सुखरूप का जातो? याचे उत्तर बरेचसे अंकगणितात आहे. हिशेबासाठी काही आकडे धरू. साठ किलो वजनाच्या माणसाच्या पोटात पोहताना 30 मिलिलिटर पाणी गेले, म्हणजे किलोमागे अर्धा मिलिलिटर. तीस किलोचा तहानलेला कुत्रा 600 मिलिलिटर पाणी सहज पितो, म्हणजे किलोमागे 20 मिलिलिटर. माणसाच्या चाळीसपट. पण एवढ्याने भागत नाही. माणूस होडीतून किंवा धक्क्यावरून खोल पाण्यात उतरतो, कुत्रा मात्र काठावर उभा राहून पितो. आणि विष असते ते काठावर.

असे का, हे समजण्यासाठी या जीवांची एक करामत पाहावी लागेल. त्यांच्यातील अनेकांच्या पेशीत प्रथिनांच्या भिंतींच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांत वायू भरलेला असतो, म्हणून पेशी तरंगते. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून पिष्टमय पदार्थ साठले की ती जड होऊन खाली जाते. रात्री तो साठा वापरला गेला की हलकी होऊन वर येते. वारा पडलेला असेल तर पहाटे लक्षावधी पेशी पृष्ठभागावर जमतात, दुधावर साय धरावी तशा. मग झुळूक सुटते आणि ती साय एका काठाला ढकलली जाते. तळ्याच्या मध्यापेक्षा काठाच्या सायीत पेशी शंभरपट दाट असणे काही विशेष नाही. आपले चाळीस आणि हे शंभर यांचा गुणाकार केला म्हणजे बाईंनी दोरी का ओढली ते कळते.

शिवाय कुत्रा पाण्यातून बाहेर येऊन अंग चाटतो. केसांत अडकलेली सगळी साय पोटात जाते. काठावर वाळलेल्या शैवालाच्या खपल्यांना वास येतो. आपण नाक मुरडतो, कुत्रा त्या चघळतो.

आता तीन वर्षांचे मूल घ्या. वजन पंधरा किलो. काठच्या उथळ पाण्यात खेळताना 75 मिलिलिटर पाणी पोटात गेले तर किलोमागे 5 मिलिलिटर, मोठ्या माणसाच्या दहापट. तेही काठावरच खेळते, ओले हात तोंडात घालते. पाटीवर दोघे एकाच ओळीत होते ते यामुळे.

पाणी उकळून घेतले तर? हा प्रश्न मी त्या संध्याकाळी शेकोटीपाशी विचारला. उत्तर नकारार्थी आहे. मायक्रोसिस्टिन उकळण्याने नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून आतील विष पाण्यात उतरते आणि पाणी आटते तसे ते दाट होते. गिर्यारोहकांची छोटी गाळणी जीवाणू अडवतात, पण विरघळलेले विष अडवतीलच असे नाही. त्याच प्रदेशात कच्चा सामन मासा खाल्ल्याने कुत्र्यांना एक जीवघेणा आजार होतो. माशातील एका चपट्या कृमीच्या पोटातले जीवाणू त्याला कारण असतात. पण मासा नीट शिजवला की तो धोका टळतो. पाण्याच्या बाबतीत ही सोय नाही. म्हणून बाईंनी घरच्या नळाचे पाणी दोन मोठ्या कॅनमधून आणले होते.

आणखी एक शंका येईल. अशी साय सांडपाणी आणि खते मिसळलेल्या पाण्यावर येते असे आपण शिकतो. मग शेती नसलेल्या, कारखाने नसलेल्या डोंगरात ती कशी? ऑरेगॉनमधील डायमंड लेक या तळ्याची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. हे तळे उंप्क्वा राष्ट्रीय वनात, सुमारे 1,580 मीटर उंचीवर आहे. काठावर मोठे कॅम्पग्राउंड आहे. या तळ्यात मुळात मासेच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी गळ टाकणाऱ्यांसाठी त्यात ट्राउट सोडले. पुढे कोणीतरी टुई चब नावाचे छोटे मासे गळाला जिवंत आमिष म्हणून आणले आणि उरलेले तळ्यात ओतून दिले. त्यांची इतकी वाढ झाली की 1954 मध्ये रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष घालून तळ्यातील सगळे मासे मारावे लागले. (आपल्याकडे गेळाची फळे कुटून डोहात टाकतात, त्यातलाच हा मोठा प्रकार.) 1992 मध्ये चब पुन्हा सापडले. पुन्हा कोणीतरी बादली ओतली असणार.

चब खातात ते पाण्यातील किडे आणि प्राणिप्लवक. प्राणिप्लवकातील डॅफ्नियासारखे जीव शैवाल गाळून खातात. चब वाढले तसे हे गाळणारे संपले. ज्वालामुखीच्या खडकांतून स्फुरद पाण्यात येतच होते, त्यात माशांच्या विष्ठेची भर पडली. नत्र कमी पडले तरी अ‍ॅनाबीनाला फिकीर नाही, ते हवेतून घेते. 2001 च्या उन्हाळ्यात तळ्यावर विषारी अ‍ॅनाबीनाचा बहर आला आणि पाण्यात उतरण्यावर बंदी घालावी लागली. नंतरच्या उन्हाळ्यांतही तेच झाले. अखेर सप्टेंबर 2006 मध्ये तळ्याची पातळी उतरवून पुन्हा रोटेनोन घातले. चब गेले, प्राणिप्लवक परतले, पाणी निवळले. 2007 मध्ये नव्याने ट्राउट सोडण्यात आले. आमिषाच्या एका बादलीची किंमत तळ्याकाठी येणाऱ्या साऱ्या कुत्र्यांच्या आणि मुलांच्या जिवाशी कशी जोडलेली असते, ते मला या गोष्टीतून प्रथम उमगले. अन्नसाखळी शिकवताना वाघ-हरीण-गवत हे उदाहरण आपण झिजवून टाकले आहे. त्याऐवजी हे वापरून पाहावे.

साय दिसली तरच धोका, असेही नाही. काही सायनोबॅक्टेरिया वाहत्या, नितळ पाण्याच्या तळाशी दगडांवर चटईसारखे वाढतात. जुलै 2020 मध्ये यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीत खेळलेले एक कुत्र्याचे पिल्लू मेले. तपासणीत नदीत अ‍ॅनाटॉक्सिन आढळले. वरचे पाणी पाहून कोणालाही शंका आली नसती. दुसरीकडे, प्रत्येक साय विषारी असते असेही नाही. एकाच जातीचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. विष आहे की नाही हे फक्त रासायनिक तपासणी सांगते. म्हणून तेथे साधा नियम पाळतात : शंका असेल तर कुत्रा पाण्याबाहेर. गेलाच असेल तर अंग चाटू न देता लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचा, धुणाऱ्याने हातमोजे घालायचे आणि थेट पशुवैद्याकडे न्यायचा. लक्षणांची वाट पाहायची नाही.

आपल्याकडे कुत्रा घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकणारे थोडे. पण रंकाळ्यावर अशी गर्द हिरवी साय कोल्हापूरकरांनी अनेकदा पाहिली आहे, आणि गावतळ्याच्या काठी गुरे, शेरडे, कुत्री रोजच पाणी पितात. तुमच्या शाळेजवळ असे तळे असेल तर एक साधी परीक्षा करता येईल. पाणी शिक्षकांनीच घ्यावे, रबरी हातमोजे घालून. आधी काडीने थर उचलून पाहा. केसांसारखे लांब धागे काडीला लोंबले तर ते बहुधा साधे हिरवे शैवाल. काडी रंगात बुडवल्यासारखी निघाली तर संशय सायनोबॅक्टेरियांचा. मग काचेची झाकणाची बरणी तीनचतुर्थांश भरा, तळाचा गाळ येऊ देऊ नका. बरणीवर ठळक चिठ्ठी लावून ती रात्रभर थंड जागी, न हलवता ठेवा. सकाळी हिरवा रंग तळाशी बसलेला असेल तर ते साधे शैवाल असण्याचा संभव अधिक. वर हिरवे कडे धरले असेल तर तरंगणारे सायनोबॅक्टेरिया असू शकतात. या परीक्षेने विष कळत नाही, कोण तरंगतो एवढेच कळते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा. बरणीतील पाणी गुराढोरांच्या वाटेपासून दूर, मातीत खड्डा करून ओतावे आणि हात साबणाने धुवावेत. हीच परीक्षा जूनपासून दर महिन्याला, वाऱ्याची दिशा आणि तळ्याचा कोणता काठ हे टिपून केली, तर साय कोठे आणि केव्हा जमते याचा नकाशा मुलेच काढतील.