रुबेन्सचे ‘निष्पाप बालकांची कत्तल’

१० जुलै २००२ रोजी लंडनमधील सदबीज या लिलावगृहात पीटर पॉल रुबेन्सच्या (१५७७–१६४०) एका तैलचित्राला खरेदीदाराच्या अधिशुल्कासह ४ कोटी ९५ लाख पौंड किंमत आली. अंदाज ४० ते ६० लाखांचा होता. जुन्या युरोपीय आचार्यांच्या चित्रांसाठी लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वोच्च किंमत होय.

चित्राचा विषय मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील आहे. नवा राजा जन्मल्याचे कळताच हेरोद बेथलेहेममधील दोन वर्षांच्या आतील सर्व मुलग्यांना ठार मारण्याची आज्ञा देतो. शुभवर्तमानात ही कथा अगदी थोडक्यात येते. रुबेन्सने तिच्यातून एकमेकांत गुंतलेल्या देहांचा प्रचंड कल्लोळ उभा केला. एक धिप्पाड मारेकरी बालकाला आपटण्यासाठी डोक्यावर उचलतो. एक आई आपल्या लेकराला घट्ट धरून हल्लेखोराचा चेहरा नखांनी ओरबाडते. एक वृद्धा उगारलेली तलवार उघड्या हातांनी अडवू पाहते. खाली पडलेल्या अर्भकांच्या त्वचेवर निळसर छटा चढली आहे. मृत्यूचा रंग इतक्या निर्भीडपणे दाखवणारी चित्रे फार थोडी आहेत.

रुबेन्स १६०० ते १६०८ या काळात इटलीत होता. तेथील प्राचीन शिल्पांतील पिळदार देहरचना आणि काराव्हाज्जोचा छायाप्रकाशाचा तीव्र विरोध हे दोन्ही संस्कार घेऊन तो अँटवर्पला परतला. हे चित्र त्यानंतर लवकरच, १६१० च्या सुमारास, ओकच्या फळ्यांवर रंगवले गेले. फळ्यांवर खडू व सरस यांचा पांढरा लेप देत, त्यावर पातळ करड्या-तपकिरी रंगाचे फटकारे मारत आणि मग जवसासारख्या तेलात कालवलेल्या रंगांचे थर चढवत. तेल सावकाश वाळते. त्यामुळे ओल्या रंगात रंग मिसळून मांसल त्वचेचे सूक्ष्म चढउतार साधता येतात. बरोक शैलीचे देहचित्रण बऱ्याच अंशी याच गुणावर उभे आहे.

तरीही या चित्रावरून रुबेन्सचे नाव पुसले गेले होते. लिक्टेनस्टाइनच्या राजघराण्याच्या संग्रहात ते त्याचा साहाय्यक यान व्हान डेन हूके याच्या नावावर लागले. या हूकेचा जन्मच १६११ चा! १९२० मध्ये ते विकले गेले आणि पुढे अनेक वर्षे ऑस्ट्रियातील राइशर्सबर्गच्या मठात टांगलेले होते. २००१ मध्ये सदबीजचे तज्ज्ञ जॉर्ज गॉर्डन यांनी ते पाहिले. त्याच काळातील ‘सॅमसन आणि डलायला’ या रुबेन्सच्या चित्राशी असलेले साम्य त्यांना निर्णायक वाटले.

लिलावाच्या सूचीतील शब्द म्हणूनच नीट वाचावे लागतात. नुसते चित्रकाराचे नाव म्हणजे सूचीकाराच्या मते कृती त्याच्याच हातची. ‘श्रेय दिलेली’ म्हटले की खात्री थोडी कमी झाली. ‘कार्यशाळेतील’ म्हणजे त्याच्या देखरेखीखालची, ‘वर्तुळातील’ म्हणजे त्याच्या काळातील निकटच्या कोणाची, ‘अनुयायाची’ म्हणजे त्याच्या शैलीत काम करणाऱ्याची, आणि ‘नंतरची’ म्हणजे मूळ चित्राची नक्कल. पायरीगणिक किंमत कोसळते. फळीवरचे चित्र असेल तर लाकडाची वार्षिक वलये मोजून झाड कधीच्या आधी तोडलेले असणे शक्य नाही हे ठरते. मात्र कुंचला कोणाचा, हे वलये सांगत नाहीत. तो निर्णय जाणत्या डोळ्यांचाच.

हे चित्र कॅनडाचे उद्योगपती केनेथ थॉमसन यांनी घेतले व टोरंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओ या संग्रहालयाला दिले. आज ते तेथे सर्वांना पाहता येते.