नोकरी सोडणं आणि पगार सोडणं : ना. वा. टिळकांचे दोन त्याग

चांगली चाललेली नोकरी सोडून एखादा माणूस धर्मकार्याला वाहून घेतो, तेव्हा तो नेमकं काय सोडतो, हा आजचा विषय. आपल्या भिवंडीत हा प्रश्न हवेतला नाही. तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून माणसं इथे आली ती मागावर काम करून पोट भरायला. माग बंद तर मजुरी बंद. म्हणून 'अमक्याने सगळं सोडलं' असं कुणी म्हटलं की इथला माणूस आधी विचारतो, 'मग घर कोण चालवतं?' आज आपणही हाच प्रश्न धरून पुढे जाऊ.

उदाहरण घेऊ रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. शाळेची पहिली वर्षं आपल्या शेजारच्या कल्याणात गेली. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे ते संस्कृत शिकले. त्यानंतर पोटासाठी बरीच वणवण झाली. कुठे शिक्षकी, कुठे छापखान्यात खिळे जुळवणं. 1891 मध्ये नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. विद्वान म्हणून नाव होऊ लागलं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. ते वाचत गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा पहिला त्याग. यात गेलं काय? नुसता रोजगार नाही. त्या काळी धर्म बदलला म्हणजे जात गेली, आणि जात गेली म्हणजे पंगत, सोयरीक, भाऊबंद सगळंच गेलं. पण निर्णय टिळकांचा होता, त्यांच्या पत्नीचा नव्हता. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या. काही वर्षं नातलगांच्या आधाराने, पंढरपुरासारख्या ठिकाणी काढली. नंतर त्या नवऱ्याकडे परतल्या आणि 1900 मध्ये स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'घर कोण चालवतं' याचं पहिलं उत्तर इथे मिळतं. त्यागाची किंमत बऱ्याचदा ज्याने त्याग केला त्याच्या घरातलं माणूस भरतं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले आणि तिथे त्यांना पुन्हा नोकरीच मिळाली! ते धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले, 1904 मध्ये रीतसर पाळक झाले, 1912 पासून 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळू लागले. मिशन म्हणजे एक संस्था. पैसा परदेशातून यायचा, मिशनरी मंडळींची समिती निर्णय घ्यायची, कामगाराला दरमहा पगार मिळायचा. यात वाईट काही नव्हतं. याच व्यवस्थेतून शाळा उभ्या राहिल्या, दुष्काळात अनाथ मुलं सांभाळली गेली.

पण गावात उपदेश करताना अडचण यायची. ऐकणारा म्हणायचा, 'हा पगारासाठी बोलतो.' महाराष्ट्रात संतांची वाट वेगळी. वारकरी परंपरेत हरिकथेचा मोबदला घेणं कमीपणाचं मानतात. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं मानणाऱ्या टिळकांना हे खुपलं नसतं तरच नवल. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणलं होतं. रूप देशी झालं, पण पगार मात्र परक्या हातातून येत होता.

म्हणून 1917 मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. हा दुसरा त्याग. ते साताऱ्याला गेले, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहू लागले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. संस्थेच्या चौकटीत हे जमणं कठीण होतं.

अशी धडपड करणारे ते एकटे नव्हते. त्याच काळात अल्बर्ट श्वाइट्झर हे युरोपातले नावाजलेले विद्वान आणि ऑर्गनवादक डॉक्टर होऊन 1913 मध्ये आफ्रिकेत लांबारेनेला गेले. पॅरिसच्या मिशनला त्यांची धर्ममतं पटत नव्हती. त्यांनी खर्चाचा पैसा स्वतः उभा केला, तेव्हा वाट मोकळी झाली. पैसा कुणाचा, यावर कामाची मोकळीक ठरते, हे दोन्हीकडे दिसतं.

मग टिळकांचा प्रयोग यशस्वी झाला का? सरळ सांगायचं तर त्याला वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. संस्था पगार देते तसं सातत्यही देते. एका माणसावर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर खचतं. ही त्या मोकळिकीची किंमत.

तरी काही उरलं, ते लक्ष्मीबाईंमुळे. टिळकांनी 1909 मध्ये सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' जेमतेम साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले. त्यांची 'स्मृतिचित्रे' तर आज मराठीतलं मोठं आत्मचरित्र मानलं जातं.

तेव्हा मंडळी, सगळं सोडून धर्मकार्याला लागलेला माणूस भेटला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तर तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. आता त्याचा खर्च कोण करतं? त्या पैशामुळे त्याला काय बोलता येत नाही? आणि घरच्यांना त्याने विचारलं होतं का? पहिल्या दोन प्रश्नांना टिळकांनी 1917 मध्ये उत्तर दिलं. तिसऱ्याचं उत्तर मात्र लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात शोधावं लागतं. ते जरूर वाचा.